माझ्या तोंडात रोडगा होता

या सदरातल्या बहुतेक पत्रांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं — ‘माझा असल्या गोष्टींवर अजिबात विश्वास नव्हता, पण...’ माझाही नव्हता. अजूनही नाही. आमच्या कचेरीतला पहारेकरी रोज नवीन भूत सांगायचा आणि मी त्याला रोज विचारायचो, “त्याचा रीतसर अर्ज आला का?” असा माणूस मी.

पण इतरांची आणि माझी अडचण उलटी आहे. ते बिचारे लोकांना पटवत असतात की जे घडलं ते माणसाचं काम नव्हतं. मला मात्र सगळे आयुष्यभर पटवत आले की ते माणसाचंच काम होतं — आणि तो माणूस मी! कौतुक करतात, पाठ थोपटतात, लग्नाकार्यात नव्या सुनांना बोलावून सांगतात, “हेच ते.” अहो, पण मी ते केलेलंच नाही! न केलेल्या कामाचं कौतुक किती वर्षं ऐकून घ्यायचं माणसानं? चिडचिड होते. आता ऐंशी ओलांडली, तरी होते.

तर सत्तावन्न सालची दिवाळी. आम्ही वर्ध्याला राहत होतो — आई, मोठा भाऊ, वहिनी आणि मी. वडील आधीच गेले होते. भावाला मी नुसतं ‘भाऊ’च म्हणायचो. तो आंजीच्या शाळेत मास्तर, रोज सायकलनं जाऊन-येऊन. मी कचेरीत कारकून, लग्न व्हायचं होतं. आमचा जिल्हा नुकताच मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला होता. कचेरीतल्या पाट्या बदलल्या, आणि घरोघरी एकच वाद पेटला — विदर्भ वेगळा हवा, की सगळ्या मराठी माणसांचं मिळून एक राज्य हवं? भाऊ वेगळ्या विदर्भाचा. मी संयुक्त महाराष्ट्राचा. एका ताटाला दोन पक्ष!

भाऊनं तर त्या पायी बोलणंही बदललं होतं. वडील होते तोवर घरात ‘मले-तुले’ चालायचं नाही, चांगलं पुस्तकी बोलावं लागायचं. वडील गेल्यावर भाऊ हट्टानं अस्सल वऱ्हाडी बोलायला लागला. मग मीही हट्टानं पुस्तकी बोलायला लागलो. उन्हाळ्यात एकदा जेवताना तो म्हणाला, “तू मुंबईवाल्यायचा घरजावई होऊन राह्यला.” मी म्हटलं, “आणि तू विहिरीतला बेडूक.” झालं! ताटावरून तो उठला, मीही उठलो. अबोला.

अबोला म्हणजे काय हे आजच्या पोरांना सांगावं लागतं. त्यांना वाटतं, राग आला की फोन उचलायचा नाही, तोच अबोला. छे! अबोल्याला एका घरात राहावं लागतं, एका ओळीत जेवावं लागतं. आणि त्याचा कायदा एकच — जो पहिला बोलला तो हरला. तोवर सगळा व्यवहार तिसऱ्यामार्फत. “वहिनी, कोणाची सायकल दारात आडवी आहे, ती हलवायला सांगा.” “अवो, कोनाले तरी सांगजो, सायकलीले पाय नाईत.” वहिनी मधे उभ्या, हातात पोळीचं उलथणं. बिचारीचं डोकं फिरायची पाळी यायची.

हसण्यावारी नेण्यासारखं मात्र ते राहिलं नव्हतं. दसऱ्याला भाऊनं वहिनींमार्फत जाहीर केलं की त्यानं आंजीला खोली पाहिली आहे. दिवाळी झाली की तो वेगळं बिऱ्हाड करणार. वेगळा विदर्भ जमेना, निदान बिऱ्हाड तरी वेगळं! आई ते ऐकून चुलीपुढून उठलीच नाही. मग म्हणाली, “मी कोनाकडंच राहत नाई. हिंगणघाटले माह्या भावाकडं जाईन. दोन पोरं असून दोघायच्याही घरी नाई, अशी म्हातारी म्हून सांगा लोकायले.” आई उगाच बोलणाऱ्यातली नव्हती. तिनं ट्रंक काढून पुसून ठेवली.

वहिनींचं माहेर आष्टीचं. त्यांनी शेवटचा उपाय म्हणून डोंगराची सहल काढली. म्हणाल्या, “भाऊबीजेले मी माहेरी चालली. सगळेच चला. आमच्या डोंगरातली पान्याची धार मी लहानपणापासून सांगत आली, तुम्ही कोनीच पाह्यली नाई.” खरा हेतू मला कळला होता. डोंगरात नेऊन दोघांना एकमेकांशी बोलायला लावायचं. मी मनात म्हटलं, डोंगर चढीन, पण हरणार नाही. आणि भाऊच्या मनातही अक्षरशः तेच होतं, हे त्यानं पुढे कबूल केलं.

पुलगावपर्यंत मोठी रेल्वे, तिथून आर्वीपर्यंत छोटी गाडी, पुढे आष्टीला मोटार. सबंध प्रवासात भाऊ या खिडकीला, मी त्या खिडकीला. भाऊबीज झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींच्या भावानं बैलबंडी जुंपून दिली. बंडी हाकायला त्यांचा गडी महादेव. आष्टीच्या वरच्या अंगाला डोंगर सुरू होतात. आमच्याकडे डोंगर म्हटलं की नागपूरवाले हसतात आणि पुण्याकडचे तर पोट धरून हसतात, पण या बाजूला येऊन बघा एकदा. साग आणि धावडा दाटून आलेला, पायवाटेवर नाले आडवे, आणि वर गेलं की एकदम जमीनच संपते.

बंडी पायथ्याशी सोडली. महादेव बैलांपाशी थांबला. आम्ही चौघं वर निघालो, आई काठी टेकत. सामान मी आणि भाऊनं वाटून घेतलं — म्हणजे वहिनींनी वाटून दिलं. निघण्याआधी भाऊ बैलाच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, “काय रे सर्ज्या, काही लोकायले मुंबईपर्यंत राज्य पाह्यजे, अन् इथं टेकडी चढताना धाप लागून राह्यली.” मी दुसऱ्या बैलाला म्हटलं, “तुझ्या जोडीदाराला सांग, ज्याची नजर टेकडीपलीकडे जात नाही त्याला धाप लागत नाही.” महादेव एकदा याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिला. त्याला वाटलं, वर्ध्याची माणसं अशीच असतात.

वर एक दगडी ओटा होता. त्याला ‘सायबाचा ओटा’ म्हणत. इंग्रजांच्या काळात जंगलखात्यातल्या कोणा साहेबानं खोरं न्याहाळायला बांधून घेतलेला. ओट्याच्या पुढे एक मोठी सपाट शिळा दरीवर थोडी बाहेर आलेली. डाव्या हाताला धार. पाऊस संपून बरेच दिवस झाले होते तरी पाणी चांगलं होतं. कड्यावरून निघायचं आणि अर्ध्यावर जाऊन त्याचा धूर व्हायचा. खरं सांगतो, बघितल्यावर मी अबोला विसरलो. भाऊकडे वळून ‘बघ रे’ म्हणणारच होतो. जीभ चावली.

त्या जागेची दुसरी गंमत म्हणजे प्रतिध्वनी. वहिनींनी हात तोंडाशी नेऊन “आईऽऽ” अशी हाक मारली. समोरच्या कड्यावरून “आईऽ” आली, थोड्या वेळानं आणखी कुठून तरी लांबून “ई...” आली. आई लहान मुलीसारखी हसली. भाऊला तेवढंच निमित्त. तो ओट्यावर चढून ओरडला, “वेगळा विदर्भऽऽ!” दरी म्हणाली, “विदर्भऽ... दर्भ...” आता हे कसं सहन करायचं? दरीशी बोललं तर अबोला मोडत नाही, असा मी मनातल्या मनात निवाडा केला आणि ओरडलो, “संयुक्त महाराष्ट्रऽऽ!” मग तो, मग मी. दरीत विदर्भ आणि महाराष्ट्र यांची नुसती खिचडी झाली. खालून बैल हंबरले.

“पुरे रे पोट्टेहो!” आई ओरडली. “घरी भांडून पोट नाई भरलं, आता डोंगराले मधात घेतलं!”

हे एवढ्यासाठी सांगितलं, की तिथे केलेला प्रत्येक आवाज परत यायचा. साधा खोकला सुद्धा. हे लक्षात ठेवा. मी सगळ्यांना हेच सांगत आलो आणि कोणीही लक्षात ठेवलं नाही.

मग स्वयंपाक. आमच्याकडे रानात जेवण म्हणजे रोडगे. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी — जाडसर कणकेचे घट्ट गोळे गोवऱ्यांच्या विस्तवात पुरून भाजतात, वरची राख झटकतात, फोडून तुपात बुडवतात आणि वरण, वांग्याच्या भाजीबरोबर खातात. चवीला राजा. पण स्वभाव वाईट! घाईनं तोंडात टाकला तर टाळ्याला चिकटतो, आणि आतून इतका कढत असतो की गिळवत नाही, थुंकवतही नाही. आई विस्तवापाशी होती, मी तिच्या शेजारी. वहिनी आमच्या पुढ्यात थोड्या अंतरावर, पाठ करून, कांदा चिरत. भाऊ जेवायला बसलाच नाही, कारण मी बसलो होतो. “मी धारेचा पायथा पाहून येतो,” असं वहिनींना सांगून ओट्यापलीकडे त्या शिळेवर गेला.

आईनं पहिला रोडगा फोडून माझ्या हातात दिला. मला भूक अनावर झालेली. मी अर्धा एकदम तोंडात टाकला. टाळा भाजला, डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या पाण्यातून मी समोर पाहिलं.

भाऊ शिळेच्या टोकाला होता. खाली वाकून धारेचा पायथा शोधत होता. आणि शिळा जिथे डोंगराला चिकटलेली, तिथलं गवत फाटत होतं. हळूहळू. मधे ओली लाल माती दिसायला लागली, आधी बोटभर, मग जास्त. त्याला ते दिसणं शक्यच नव्हतं. त्याच्या पाठीमागे होतं ना ते.

आता जे सांगतो ते नीट ऐका. लोक म्हणतात, त्या क्षणी तू अबोला बाजूला ठेवलास. काय डोंबल बाजूला ठेवला! अबोला माझ्या ध्यानातही नव्हता. माझा सख्खा भाऊ मरत होता. मला जगातलं दुसरं काही दिसत नव्हतं. मी ओरडायला गेलो आणि तोंडात रोडगा. जबडा हलेना. घशातून ‘अं’ सुद्धा निघेना. पाय उचलायला गेलो तर मांडी घातलेली. इतका असहाय मी त्याआधी कधी नव्हतो, नंतरही कधी झालो नाही. भाऊ माझ्या डोळ्यांदेखत जाणार आणि मी गाल फुगवून बघत राहणार, एवढंच मला कळत होतं.

आणि तेव्हा आवाज आला.

“भाऊ, मांगं सरक!”

माझा आवाज. अगदी माझा, तो मी नाकारतच नाही. माझ्या उजव्या खांद्यापाशी, कानाच्या जरा पुढून आला. त्या बाजूला आईही नव्हती, आई डावीकडे. उजवीकडे होता फक्त गोवऱ्यांचा ढीग. एवढ्या जोरात ओरडलं की श्वासाची धग जाणवते ना जवळच्याला? काही जाणवलं नाही. नुसता आवाज.

भाऊ चटकन दोन पावलं मागे सरला, ओट्याला पाय लागला, आणि वळून म्हणाला, “काऊन बे?”

शिळा गेली. खरखर झाली नाही, काही नाही, होती आणि नव्हती. मग खालून आवाज आला, मग समोरच्या कड्यावरून तोच, मग लांबून पुन्हा. कितीतरी वेळ तो डोंगरातून फिरत होता. तो फिरत असतानाच माझ्या लक्षात आलं — शिळेचा आवाज परत आला. ‘मांगं सरक’ परत आलं नव्हतं.

पुढे काय झालं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. वहिनींनी किंकाळी फोडली. भाऊनं धावत येऊन मला मिठी मारली. “दिग्या! बोलला लेका तू! बोलला शेवटी!” त्याच्या मिठीनं तो रोडगा घशात उतरला आणि अडकला. मी तडफडतोय, डोळ्यांतून घळाघळा पाणी, आई पाठीत बुक्के मारते आहे — आणि हे सगळे समजले की मला गहिवर आला! बोलता आलं तसं मी पहिलं वाक्य बोललो, “मी नाही ओरडलो.” भाऊ म्हणाला, “हो हो, तू नाई ओरडला,” आणि आणखी घट्ट धरलं.

खाली उतरलो तर महादेव म्हणाला, “दिगूबाबूचा आवाज इथपर्यंत आला बापा. काय झालं होतं?”

मी आईला विचारलं. “आई, तू माझ्या शेजारी होतीस. मी ओरडलो का?”

“मंग कोन ओरडलं? मी का बैल?”

“माझ्या तोंडात रोडगा होता ना! तूच दिलास!”

“तो तं तू ओरडल्यावर खाल्ला रे,” आई म्हणाली.

वहिनींनी तर निकालच दिला. “भाऊजी, माही पाठ तुमच्याकडं होती, पन कान का बंद होते? तुमचाच आवाज होता. तुमच्यामुळं माह्यं कुंकू राह्यलं.” आणि वाकून नमस्कार करायला लागल्या. मी मागे सरलो. वहिनी म्हणजे आईसारखी, तिनं दिराच्या पाया पडायचं? आणि तेही मी न केलेल्या कामासाठी?

बंडीत बसल्यावर भाऊची खरी चंगळ सुरू झाली. दोन विजय एकदम मिळाले होते त्याला. “एक,” तो म्हणाला, “तू पहिले बोलला, म्हंजे अबोला तू हरला. अन् दोन — जीव धोक्यात आला तवा तोंडातून काय निघालं? ‘मागे हो’ निघालं का? ‘मांगं सरक’ निघालं! रक्तातली वऱ्हाडी जाते कुठं? चालला संयुक्त महाराष्ट्र कराले!”

मी कळवळून सांगितलं की हाच तर पुरावा आहे. मी उन्हाळ्यापासून एकदाही ‘मांगं’ म्हटलेलं नाही, म्हणून तो मी नव्हतो. आणि मी बोललोच नसेन तर पहिलं कोण बोललं? ‘काऊन बे’ म्हणणारा! म्हणजे भाऊ, हरलास तू! सरळ हिशेब आहे की नाही? त्यावर तिघंही इतके हसले की बैल थबकले.

आंजीची खोली भाऊनं सोडून दिली. आईची ट्रंक माळ्यावर गेली. आई पुढे याच घरात वारली, दोन्ही पोरांच्या हातचं पाणी घेऊन. म्हणजे जे व्हायला हवं होतं ते सगळं झालं. मग तुझी तक्रार काय, असं मला सगळे विचारतात. माझी तक्रार ही की ओरडलं कोण?

मी काय काय केलं सांगू? कचेरीत डब्यात रोडगे नेले आणि साहेब बाहेर गेल्यावर दोघा-तिघांना तोंडात अर्धा रोडगा कोंबून ‘भाऊ, मांगं सरक’ ओरडायला लावलं. एकालाही जमलं नाही. एकाला ठसका लागून पाणी पाजावं लागलं. मी विजयी होऊन घरी आलो तर भाऊ म्हणतो, “त्यायचा भाऊ कुठं मरत होता? त्यायले कसं जमंल?” घ्या!

लोकांनी मला कारणंही पुरवली. कोणी म्हणालं देवी बोलली. देवी माझ्या आवाजात का बोलेल, तिला तिचा आवाज नाही? एक शिकलेला डॉक्टर म्हणाला, भीतीनं माणसाला आपण काय केलं ते आठवत नाही. बरं, मला आठवत नाही, पण माझ्या टाळ्याला? त्याला फोड आला होता तो आठवडाभर दुखत होता. एकजण म्हणाला, आधी ओरडलेलं तुझंच काही दरीतून उशिरा परत आलं असेल. हे मला थोडं पटत आलं होतं. पण मी आधी ‘संयुक्त महाराष्ट्र’ ओरडलो होतो. संयुक्त महाराष्ट्राचा ‘मांगं सरक’ होऊन परत येतो का? भाऊ म्हणाला, “येते! विदर्भात येते!”

आणखी एक गोष्ट आहे, ती मी घरात कोणालाच सांगितली नाही. पुढे बऱ्याच वर्षांनी पुतण्यानं टेपरेकॉर्डर आणला. सगळ्यांचा आवाज भरून घेतला आणि वाजवून दाखवला. जो तो आपला आवाज ऐकून दचकत होता — ‘हा मी नाही, माझा आवाज असा कुठे आहे?’ पहिल्यांदा सगळ्यांचं तसंच होतं म्हणे. माझा आवाज लागला आणि मी दचकलो नाही. ओळखीचा होता. बाहेरून माझा आवाज कसा ऐकू येतो हे मला आधीच ठाऊक होतं, कारण ओट्याजवळ मी तो बाहेरूनच ऐकला होता. मी उठून अंगणात गेलो.

गेल्या थंडीत भाऊ आजारी पडला. इस्पितळात ठेवलं. बोलणं शाबूत होतं, बाकी शरीर थकलेलं. मी दुपारभर शेजारी बसायचो. एके दिवशी वहिनी डबा आणायला घरी गेल्या होत्या. भाऊ डोळे मिटून पडला होता. तसाच म्हणाला, “दिग्या, तुह्या तोंडात रोडगा होता.”

मी खुर्चीतून उठलोच.

“मी वळलो ना,” तो म्हणाला, “तवा तुह्याकडंच पाह्यलं पहिले. गाल असे फुगलेले. डोळे बाहेर. हसूच आलं असतं मले, पन तेवढ्यात शिळा गेली.”

“म्हणजे तुला तेव्हापासून माहीत आहे?”

“मंग काय आंधळा होतो?”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आजारी माणसावर ओरडू नये, पण मी ओरडलो. “अरे, मग इतकी वर्षं? सगळ्या जगासमोर मला खोटं पाडलंस? मी रडकुंडीला यायचो, पुरावे द्यायचो, रोडगे घेऊन कचेरीत जायचो, आणि तू दात काढायचास? का?”

भाऊनं डोळे उघडले. “तू बोलला नाई असं मी कबूल केलं असतं तं अबोला मी मोडला असं झालं असतं ना बे. मंग हरलेल्या तोंडानं घरी कसा राहू, मले आंजीले जा लागलं असतं. हट्ट हाये ना आपल्या घरचा.” मग म्हणाला, “मले नव्हतं जायचं. त्या खोलीचं कुलूप पाहूनच मी सायकल घराकडं वळवत होतो.”

मी बसलो. मग विचारलंच. “मग ओरडलं कोण, भाऊ?”

“तुहा आवाज होता,” तो म्हणाला. “तुहं तोंड बंद होतं. याच्यापुढं मले नाई माहीत. मी लय इचार केला.”

निदान एक साक्षीदार तरी मिळाला! मी त्याचा हात धरला आणि म्हटलं, आता एवढं कर. वहिनी आल्या की त्यांच्यासमोर हेच सांग. एकदाच. माझ्यासाठी. तो म्हणाला, “सांगतो.”

वहिनी आल्या, डबा उघडला. मी म्हटलं, “वहिनी, थांबा. भाऊला तुम्हाला काही सांगायचंय. त्या डोंगरावरचं.” वहिनींनी पदराला हात पुसले आणि त्याच्याकडे पाहिलं. भाऊ माझ्याकडे बघून मिश्कील हसला — तो नालायक! — आणि वहिनींना म्हणाला, “काई नाई. दिग्या ओरडला म्हून वाचलो, एवढंच. त्याले जपजो.”

त्यानंतर थोड्याच दिवसांत तो गेला. अबोला जिंकूनच गेला.

तेराव्याला माणसं पांगल्यावर वहिनी माझ्यासमोर ताट घेऊन बसल्या. त्यांना आता नीट दिसत नाही, चाचपडत वाढतात. मला म्हणाल्या, “भाऊजी, तुम्ही त्या दिवशी हाक नसती मारली, तं माह्या वाट्याले काय आलं असतं? ना लेकरं झाले असते, ना नातवंडं. काईच नाई. सगळं तुमच्या एका हाकेवर उभं हाये. खरं ना?”

इतकी वर्षं या प्रश्नावर मी भांडत आलो होतो. रोडगा, टाळा, फोड, प्रतिध्वनी, सगळं तोंडपाठ होतं. वहिनी माझ्या दिशेनं तोंड करून थांबल्या होत्या, पण नजर माझ्या जरा बाजूला लागली होती.

मी म्हटलं, “हो, वहिनी. मीच ओरडलो.”

त्यांनी समाधानानं मान हलवली आणि मला आणखी भात वाढला.

आता माझ्या बाजूनं बोलणारं घरात कोणी उरलं नाही, आणि मी स्वतःच फितूर झालो. म्हणून हे इथे लिहून पाठवतो आहे. वहिनींना वाचता येत नाही आता, आणि त्यांना कोणी वाचून दाखवू नये अशी विनंती आहे. कोण ओरडलं ते मला माहीत नाही, भाऊलाही माहीत नव्हतं, आणि आता ते कळेल अशी आशा मी सोडली आहे. पण मी नव्हतो. आईची शपथ, माझ्या तोंडात रोडगा होता.